यंत्र शाबूत, स्मृती कोरी

भाऊबीज होऊन गेली होती. २०२३ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. फराळाच्या डब्यांत तळाशी चुरा तेवढा उरला होता आणि मी सकाळचा चहा घेऊन गॅलरीत बसलो होतो. फोन वाजला. पलीकडे आमच्या बँकेचे एक जुने खातेदार होते. मला निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी ते अजून मला 'साहेब' म्हणतात आणि दर दिवाळीला आठवणीने फोन करतात. मला वाटले, शुभेच्छा राहिल्या असतील. पण त्यांचा आवाज वेगळाच होता. म्हणाले, "साहेब, प्लँट सगळं इसरलाय बघा. काल सुरू केला, तर ओळखच देईना."

माणूस विसरतो हे मला ठाऊक होते. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्याला कर्जदाराच्या विसरभोळेपणाचे नवल वाटत नाही. पण यंत्राने विसरणे म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात कळले. ते कळल्यापासून कुणाला तरी सांगावे असे सारखे वाटत होते.

या गृहस्थांची कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्री आहे. कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला चप्पल, तांबडा रस्सा आणि कुस्ती आठवते. पण इथल्या उद्यमनगरात शेतीच्या तेल इंजिनांपासून सुरू झालेला ओतकामाचा धंदा आज मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांचे भाग देशभर पाठवतो. १९९६ साली यांनी फौंड्रीसाठी नवा सँड प्लँट घेतला, तेव्हा त्यांच्या कर्जाचा प्रस्ताव माझ्याच टेबलावरून गेला. साचे करायची वाळू तयार करणारे हे यंत्र. जुनी वाळू, थोडी नवी वाळू, बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची पूड आणि पाणी हे सगळे ठरलेल्या मापाने, ठरलेल्या क्रमाने मिक्सरमध्ये पडायला हवे. पाणी जास्त झाले, तर तापलेला रस ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगला आतून भोके पडतात. कमी झाले, तर साचा ढासळतो. पुरणपोळी करणाऱ्या गृहिणीला यात वेगळे काही सांगावे लागणार नाही. कणकेचे पाणी चुकले की पुढचे सगळे चुकते.

त्या यंत्राच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती, 'प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, एक नग'. किंमत पाहून मी विचारले होते, एवढ्याशा डब्याला एवढे पैसे? तेव्हा यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरने सांगितले की, हा डबा म्हणजे प्लँटचा मेंदू. मी मान डोलावली आणि बँकेच्या रीतीप्रमाणे सगळे नजरगहाण लिहून घेतले. मोटरी इतक्या, कन्व्हेअर इतका, मिक्सर एक, डबा एक. डब्याच्या आत काय आहे, हे मात्र कुठल्याच कागदावर आले नाही. ते आणावे, असे मलाही सुचले नाही आणि मालकांनाही.

सुदैवाने माझी धाकटी बहीण भाऊबीजेला आली होती आणि तिच्याबरोबर तिचा मुलगाही. हा भाचा चाकणला कारखान्यांच्या याच कामात आहे. फोनवरचे बोलणे मी त्याला सांगितले. त्याने एकच प्रश्न विचारला, "मामा, त्यांनी सुट्टीत बॅटरी बदलली का, विचारा." मी विचारले. पलीकडे क्षणभर शांतता. मग मालक म्हणाले, "व्हय. पण ह्यांना कसं कळलं?"

घडले ते असे. डब्यावर बरेच महिने एक लाल दिवा लागत होता. बॅटरी संपत आल्याची ती खूण. सध्याचा वायरमन मोठा प्रामाणिक मुलगा. दिवाळीला कारखाना बंद होता, तेव्हा त्याने ठरवले की, आता हे काम उरकून घ्यावे. विजेच्या पॅनेलला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचा, हे आयटीआयमध्ये शिकवलेले. त्याने स्विच बंद केला, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, पॅनेल पुसून लक्ष्मीपूजनासाठी हार घातला. एवढेच. पण या जातीच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम ज्या स्मृतीत असतो, ती विजेवर जगते. वीज गेली की बॅटरी तिला सांभाळते. वीज नाही आणि बॅटरीही नाही, असे झाले की स्मृती कोरी. बॅटरी बदलायची ती वीज चालू असताना, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पोराने सुरक्षिततेचा नियम पाळला आणि सत्तावीस वर्षांचे शहाणपण क्षणात गेले. मालक त्याला बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण पोराने दोन दिवस जेवण घेतले नाही.

हातानेच चालवा की प्लँट, असे मी सुचवले. भाच्याने समजावले की, 'मॅन्युअल'ची बटणेसुद्धा त्याच डब्यातून जातात. डबा कोरा म्हणजे बटणेही मुकी. पस्तीस माणसे कामावर आलेली, ट्रॅक्टर कंपनीची ऑर्डर पंचवीस तारखेला द्यायची आणि वाळूच नाही.

वाटेत गाडीत भाच्याने मला या डब्याचा इतिहास सांगितला. पूर्वी कारखान्यातले यंत्र रिले नावाच्या विजेच्या छोट्या स्विचांवर चाले. अशा शेकडो रिलेंच्या तारांनी कपाटेच्या कपाटे भरलेली असत. यंत्राचे काम बदलायचे तर सगळ्या तारा उपसून पुन्हा जोडायच्या. मोटारीचे मॉडेल बदलले की अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना हा उद्योग करावा लागे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने यावर उपाय मागितला. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांचे सहकारी तशाच यंत्रावर काम करत होते. त्यांनी केलेला कंट्रोलर हा कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव मॉडिकॉन ०८४. वायरमनला परके वाटू नये म्हणून प्रोग्रॅमची भाषाही रिलेच्या आकृतीसारखीच ठेवली. दोन उभ्या रेषा आणि मध्ये आडव्या पायऱ्या, म्हणून तिला शिडीची आकृती म्हणतात. पुढे सीमेन्सने १९७९ साली सिमॅटिक एस-५ आणले, ॲलन-ब्रॅडलीने १९८६च्या सुमारास पीएलसी-५ आणले आणि जगभरच्या कारखान्यांत हे डबे बसले. धूळ, उष्णता, धक्के सोसत ते पंचवीस-तीस वर्षे चालतात.

"आणि इथंच गोची आहे, मामा," भाचा म्हणाला. "डबा तीस वर्षं जगतो. ज्या संगणकावरून त्याला शिकवायचं, तो पाच-सात वर्षांत जातो. नवरा शतायुषी आणि भटजीच्या पिढ्या बदलतात, तसं."

कारखान्यात पोचल्यावर शोध सुरू झाला तो फ्लॉपीचा. ऑफिसच्या लोखंडी कपाटात, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांखाली, एका मिठाईच्या खोक्यात तीन फ्लॉप्या सापडल्या. एकीवर प्लँट पुरवणाऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर, दुसरीवर बॉलपेनने 'सँड प्लँट २००४', तिसरीवर तेच आणि पुढे 'कॉपी'. भाच्याने आधी तिन्हींच्या कोपऱ्यातली खिडकी सरकवून उघडी केली. म्हणजे चुकून त्यावर काही लिहिले जाणार नाही. मग शहरातल्या दुकानातून यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. 'सँड प्लँट २००४'वर बुरशीचे पांढरे ठिपके होते. ती अर्ध्यावर करकरली आणि थांबली. 'कॉपी' मात्र शेवटपर्यंत वाचली गेली. ज्या कुणी ती दुसरी प्रत केली, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मला वाटले, झाले काम. भाच्याने सॉफ्टवेअर त्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर घेतले आणि चालू करायला गेला, तर लॅपटॉपने सरळ सांगितले की, हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही. कारण विचारले, तेव्हा त्याने बँकेच्या भाषेत समजावले. १९९०च्या आसपासचे हे सॉफ्टवेअर डॉसवर चालणारे, सोळा बिटचे. पुढचे बत्तीस बिटचे विंडोज या जुन्या मंडळींना एका खास खिडकीतून सेवा देत असे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती खिडकीच ठेवलेली नाही. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचेच आहे. जुना खातेदार दारात उभा आहे, पासबुकही त्याच्या हातात आहे, पण त्याच्या खात्याचा काउंटरच बंद झालेला.

नवा संगणक वेगवान असणे हीसुद्धा एक अडचण होऊ शकते, हे ऐकून मी चकित झालो. त्या काळी टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्रॅम सुरू होताना संगणकाचा वेग मोजत. त्या मोजणीत एक भागाकार असे. संगणक साधारण दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढे गेले, तसे ते गणित कोलमडले आणि 'रनटाइम एरर २००' असा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद पडू लागले. चूक प्रोग्रॅमची नव्हती म्हणायची, तर त्याच्या कर्त्याला एवढ्या वेगाची कल्पनाच नव्हती. आपल्या नातवंडांशी बोलताना आपलेही कधीकधी असेच होते.

यावर एक उपाय असतो. नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचे सोंग उभे करायचे. आभासी संगणक म्हणतात त्याला. जुन्या प्रोग्रॅमला वाटते, आपण १९९५ सालातच आहोत. भाच्याने रात्री उशिरापर्यंत बसून हे सोंग उभे केले आणि निळ्या पडद्यावर शिडीची आकृती उमटली. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. पायऱ्यांच्या शेजारी टिपा होत्या. अक्षरे रोमन, भाषा अस्सल मराठी. 'हॉपर दोन चिकटतो, तीन सेकंद थांब.' 'पावसाळ्यात पाणी दोन सेकंद कमी.' 'मालक घाई करतात, टायमर कमी करू नये.'

ही शेवटची टीप वाचून मालक मोठ्याने हसले आणि मग एकदम गप्प झाले. "ही आमच्या जुन्या वायरमनची," ते म्हणाले. कंपनीच्या इंजिनियरने तीन दिवस शिकवले, तेवढ्या भांडवलावर त्या माणसाने वीस वर्षे तो प्लँट सांभाळला होता. भाच्याने तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. डब्यात जाते ती फक्त आज्ञा. अशा जुन्या कंट्रोलरमध्ये टिपा जात नाहीत, त्या संगणकावरच्या फाइलीतच राहतात. म्हणजे उद्या डब्यातला प्रोग्रॅम उलटा उतरवून घेतला, तरी काय करायचे ते कळेल, का करायचे ते कळणार नाही. आमच्याकडे व्हाउचर हरवले आणि नुसती खतावणी उरली, तर असेच व्हायचे. आकडा दिसतो, त्यामागचा व्यवहार दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम डब्यात भरायला घेतला आणि नवा अडथळा आला. जुन्या संगणकांना मागे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट असे, नव्या लॅपटॉपला ते नसते. मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो. जुने डॉसचे सॉफ्टवेअर पोर्टशी थेट बोलायचे आणि उत्तराची वाट ठरावीक क्षणच पाहायचे. मध्ये कन्व्हर्टर आणि वर आभासी संगणकाचे सोंग, असा दुभाष्यामागे दुभाषा बसला की उत्तर किंचित उशिरा येते. तेवढ्यात सॉफ्टवेअरचा धीर सुटतो. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम अर्ध्यावर जाई आणि संपर्क तुटे. दुसरा कन्व्हर्टर आणला, वेग कमी करून पाहिला. शनिवारची दुपार उलटली. भाचा म्हणाला, "मामा, मागे खरंखुरं पोर्ट असलेला एखादा जुना संगणक मिळाला, तर हे पाच मिनिटांचं काम आहे."

तेव्हा मला माझा माळा आठवला.

१९९८ साली बँकेचे कर्ज काढून मी घरी संगणक घेतला होता. माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्या मी त्याच्यावर टाइप केल्या. तो कपडा गुंडाळून माळ्यावर का ठेवला होता, तर त्या कादंबऱ्या फक्त तिथेच वाचता येतात. युनिकोड आपल्या घराघरांत पोचण्यापूर्वी मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून केलेले असत. तो फाँट नसला की फाइल उघडते, पण 'क'च्या जागी कसलेतरी इंग्रजी अक्षर आणि मात्रेच्या जागी स्वल्पविराम. नव्या संगणकावर माझीच नायिका मला ओळखू येत नव्हती. दर दिवाळीच्या साफसफाईत आमची सौभाग्यवती तो संगणक भंगारात द्या म्हणे आणि मी दर वर्षी टाळाटाळ करी. मी तो उतरवायला गेलो, तेव्हा ती खालून म्हणाली, "घेऊन जा आणि परत आणू नका."

तो सुरू झाला, तेव्हा पडद्यावर तारीख आली १९८० सालची. त्याच्याही आतली बटणाएवढी बॅटरी संपली होती आणि घड्याळ विसरले होते. पण हार्ड डिस्क शाबूत होती, फ्लॉपी ड्राइव्ह होता, मागे नऊ पिनांचे पोर्ट होते आणि वेग १६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला मानवेल इतकाच. रविवारी दुपारी तो फौंड्रीच्या पॅनेलसमोर स्टुलावर ठेवला. केबल लावली. टक्के मोजत मोजत प्रोग्रॅम डब्यात गेला. एकदाही न अडखळता.

आता चालू करा, असे मालक म्हणाले. भाच्याने त्यांना थांबवले. आधी मोटरींचे फ्यूज काढायला लावले आणि नुसते दिवे पाहत एकेक पायरी तपासू लागला. या धीमेपणाचा मला आधी कंटाळा आला होता, हे कबूल करतो. पण तासाभराने तो म्हणाला, "हॉपर दोनच्या झडपेला एक स्विच आहे. त्याचा दिवा लागतोय, पण प्रोग्रॅममध्ये त्याला कुणी विचारतच नाही." म्हणजे फ्लॉपी होती २००४ची आणि तो स्विच नंतर कधीतरी बसवलेला. त्यानंतरचा बदल डब्यात होता, फ्लॉपीवर नव्हता. झडप नीट मिटली की नाही, हे न पाहता प्लँट तसाच सुरू केला असता, तर वाळूचा ढीग खाली काम करणाऱ्या माणसावर आला असता.

जुन्या वायरमनला फोन गेला. पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शंभर पानी वही. पॅनेलला हात लावून त्यांनी आधी नमस्कार केला. मग चष्मा चढवून वही उघडली. '२००९, एप्रिल. हॉपर दोनची झडप अर्धवट राहिली. स्विच टाकला.' खाली शिडीची ती पायरी पेन्सिलीने काढलेली. पुढे त्यांनी बदललेले टायमरही सगळे लिहिलेले. ज्या संगणकावरून हे बदल केले, तो २०११ साली बिघडला आणि नव्या प्रती काढायचे राहून गेले. "सायबांस्नी म्हनलं हुतं, नवा घेऊ या," ते एवढेच म्हणाले. मालकांनी मान खाली घातली.

ते वाचून दाखवत होते आणि भाचा भरत होता. आजचा वायरमन पोरगा शेजारी उभा राहून प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीत उतरवून घेत होता. त्या दिवशी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. कुणाच्या तरी मोबाइलवर त्याचा आवाज येत होता. रात्री आठच्या पुढे, सामना हातातून निसटत असताना, मिक्सर फिरला. म्हाताऱ्या वायरमननी पहिल्या घाण्याची मूठभर वाळू घेतली, मुठीत दाबली, मोडून पाहिली आणि म्हणाले, "पाणी एक सेकंद वाढवा." भारत हरला, तरी त्या शेडमध्ये त्या रात्री कुणी उदास नव्हते.

घरी आल्यावर मला झोप आली नाही. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, त्यानंतर आमच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. मग पूर्ण शाखा संगणकीकरण, मग कोअर बँकिंग. प्रत्येक वेळी जुन्यातून नव्यात जाताना आम्ही रात्री जागवल्या. पण एक सवय अंगी बाणली होती. दिवसअखेरीची प्रत काढायची आणि ती त्याच इमारतीत ठेवायची नाही. आम्ही हे आमच्या पैशांच्या हिशेबासाठी केले. ज्यांना कर्जे दिली, त्यांच्या यंत्रांच्या स्मृतीबद्दल मात्र कधी विचारले नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते, असे समजू नये. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांची संदेश यंत्रणा २०१९पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुनी मेट्रोची १९९८ची गाडी नियंत्रण यंत्रणा सव्वापाच इंची फ्लॉपीवरून सुरू होते, आणि ती बदलण्याचा करार २०२४ साली मंजूर झाला. सोनीने फ्लॉपी विकणे २०११ सालीच थांबवले होते. चालते आहे तोवर हात लावू नका, हा सल्ला सगळ्या देशांत सारखाच दिसतो.

तो सल्ला अगदीच चुकीचा नाही. नवा कंट्रोलर म्हणजे नुसता डबा नव्हे. नवी वायरिंग, नव्याने लिहिलेला आणि पायरी पायरीने तपासलेला प्रोग्रॅम आणि तेवढे दिवस बंद प्लँट. जुना प्रोग्रॅम नव्यात रूपांतरित करणारी साधने मोठ्या कंपन्या देतात, पण त्यातून निघालेले हाताने तपासावेच लागते. छोट्या कारखानदाराला हा खर्च टाळावासा वाटतो, हे मी त्यांच्या ताळेबंदांवरून सांगू शकतो. पण मग जुने सांभाळायची शिस्त तरी हवी. भाच्याने जाताना त्या पोराला सांगितली, ती इथे देतो. प्रोग्रॅम, सॉफ्टवेअर, त्याचा परवाना, केबल आणि वही हे सगळे एका जागी ठेवायचे आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. काही जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना फ्लॉपीवरून हार्ड डिस्कवर हलवावा लागे. डिस्क गेली की परवानाही गेला, हे लक्षात ठेवायचे. सगळे जुळून आलेला संगणक, खरा असो वा आभासी, वर्षातून एकदा तरी चालवून बघायचा. बदल केला की त्याच दिवशी प्रत. बॅटरी वीज चालू असताना आणि माहितगाराच्या हाताने. आणि तो जुना संगणक इंटरनेटला कधीही जोडायचा नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या विंडोज एक्सपीला २०१४पासून मिळत नाहीत, विंडोज १०चा नेहमीचा आधारही ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. कुणाचाही पेन ड्राइव्ह त्यात घालायचा नाही. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू इराणच्या अणुकेंद्रातल्या कंट्रोलरपर्यंत पोचला, तो कंट्रोलरला शिकवणाऱ्या संगणकातूनच.

वाचक म्हणतील, आमच्या घरात कुठे फौंड्री आहे? नसेल. पण लग्नाची कॅसेट आहे, मुलांच्या बालपणीच्या फोटोंची सीडी आहे, वडिलांच्या औषधांच्या नोंदी कुठल्या तरी जुन्या फोनमध्ये आहेत. वस्तू शाबूत आणि ती उघडणारे साधन गेलेले, अशी आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी तरी गोष्ट निघेल. ती या रविवारी काढून बघावी. चालते आहे तोवरच दुसरी प्रत काढता येते.

त्या मालकांनी २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत कंट्रोलर बदलला. या वेळी ठरवून, आधी सगळे उतरवून घेऊन. कर्जाचे कागद बँकेत देण्यापूर्वी त्यांनी मला दाखवले. यंत्रसामग्रीच्या यादीत मी माझ्या हाताने एक ओळ वाढवली, 'प्रोग्रॅम, टिपांसह, दोन प्रती'. शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारले, हे कशाला? मी म्हटले, राहू द्या, हेच खरे तारण आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये टिपा देवनागरीत लिहिता येतात. त्या वायरमन पोराने जुन्या सगळ्या टिपा जशाच्या तशा उतरवल्या आहेत. मालकांच्या घाईची टीपसुद्धा. मालकांनीच ती राहू द्यायला सांगितली.

माझा संगणक फौंड्रीतून परत आला आणि आमच्या सौभाग्यवतीने स्वतः त्याला नवे कापड शिवले. कादंबऱ्या अजून त्यातच अडकलेल्या आहेत. भाचा म्हणतो, पुढच्या भाऊबीजेला काढून देतो. मी त्याची वाट पाहतो आहे. संगणकातली बटणाएवढी बॅटरी मात्र मी लगेच बदलून घेतली.